औषधांच्या लॅबमधली मशिनं एवढी कोण घेतंय? सोप्या भाषेत

बिझनेसच्या पानावर एक बातमी थोड्या थोड्या दिवसांनी येतच असते, औषध संशोधनाला लागणाऱ्या लॅब इन्स्ट्रुमेंट्सचं मार्केट वाढतंय, अमुक साली इतक्या अब्ज डॉलरचं होणार, आणि त्यात भारत पुढे. पुण्यात राहणाऱ्याला हे नुसतं वाचायला लागत नाही, दिसतं पण, पाषाण, हिंजवडी, नांदे, कुरकुंभ, कुठे ना कुठे नवीन लॅबचं काम चालू असतं आणि लाकडी क्रेटमधली मशिनं टेम्पोतून उतरत असतात. पण सामान्य माणसाला पडणारा प्रश्न अगदी साधा आहे. पूर्णपणे नवीन औषधं आपल्याकडे बोटावर मोजण्याइतकी शोधली जातात, बहुतेक कंपन्या पेटंट संपलेली औषधं बनवतात, मग एवढी महागडी मशिनं घेतंय कोण आणि कशासाठी?

माझं उत्तर आधीच सांगून टाकतो. औषध शोधायला जेवढी मशिनं लागतात त्याच्या कितीतरी पट मशिनं त्या औषधात काय आहे आणि काय नाही हे सिद्ध करायला लागतात. शोध एकदाच लागतो. पुरावा मात्र प्रत्येक बॅचला द्यावा लागतो, आणि किती बारीक पुरावा पुरेसा मानायचा याची रेघ सारखी वर सरकत असते. मार्केटचं सगळं गणित या रेघेत आहे.

गोळीत काय आहे हे कळतं कसं

पॅरासिटामॉलची ५०० मिलिग्रॅमची गोळी घ्या. त्यात खरंच ५०० आहे का ४६०, आणि पॅरासिटामॉल सोडून आणखी काय काय आहे, हे बघायचंय. गोळी कुटतात, द्रावणात विरघळवतात, गाळतात, आणि त्यातलं साधारण १० मायक्रोलिटर, म्हणजे थेंबापेक्षाही कमी, एका मशीनमध्ये सोडतात. मशीनचं नाव एचपीएलसी, हाय परफॉर्मन्स लिक्विड क्रोमॅटोग्राफी. मिश्रणातले घटक एकमेकांपासून सुटे करून मोजायचं मशीन, एवढं लक्षात ठेवलं तरी पुढचं सगळं कळेल.

सुटे कसे होतात? दिवाळीच्या आधीचा लक्ष्मी रोड डोळ्यासमोर आणा. सोन्या मारुती चौकातून वीस जणांचा ग्रुप एकदमच निघाला अलका टॉकीजकडे. ज्यांना साड्यांची हौस ते दर दुकानात शिरणार, कोणी फक्त सराफांपाशी थबकणार, ज्यांना काहीच घ्यायचं नाही ते सरळ चालत सुटणार, म्हणजे निघाले सगळे एकत्र पण अलका चौकात पोचताना सारख्या सवयीची माणसं सारख्या वेळी आणि वेगळ्या सवयीची वेगळ्या वेळी पोचणार. एचपीएलसीतला कॉलम म्हणजे हा रस्ता, वीतभर लांबीची स्टीलची नळी, आत सिलिकाचे अतिशय बारीक कण ठासून भरलेले. ज्या रेणूंना त्या कणांची ओढ जास्त ते रेंगाळतात, बाकीचे पुढे निघतात. शेवटी बसवलेला डिटेक्टर कोण कधी आलं ते टिपतो आणि स्क्रीनवर प्रत्येक घटकाचं एक टोक उमटतं, त्याला पीक म्हणतात. पीक कितव्या मिनिटाला आलं त्यावरून तो घटक कोणता ते ओळखायचं, आणि पीकच्या क्षेत्रफळावरून किती आहे ते.

लॅबमध्ये प्रत्यक्ष बघाल तर मशीनच्या वर ट्रेमध्ये द्रावणाच्या काचेच्या बाटल्या असतात, त्यांना मोबाइल फेज म्हणतात, बाटल्यांमधून बारीक नळ्या पंपात जातात, पंप टिकटिक करत असतो, आणि बाजूच्या ऑटोसॅम्पलरमध्ये छोट्या छोट्या कुप्या ओळीने लावलेल्या, वर मार्करने नंबर. आधी नुसतं द्रावण सोडायचं, तिथे आपल्या औषधाच्या जागी काही दिसता कामा नये. मग ज्याची मात्रा पक्की माहिती आहे असं स्टँडर्ड पाच-सहा वेळा सोडायचं, त्या आकड्यांमधली तफावत साधारण दोन टक्क्यांच्या आत आली पाहिजे, नाही आली तर पुढे जायचंच नाही, थांबायचं आणि कारण शोधायचं. हे जमल्यावर मग आपल्या गोळीची पाळी. म्हणजे एका उत्तराच्या आधीची सहा-सात इंजेक्शनं केवळ मशीन भरवशाचं आहे हे दाखवण्यात गेली, आणि प्रत्येक इंजेक्शनला दहा ते वीस मिनिटं धरा. मोठ्या कंपनीच्या क्वालिटी कंट्रोलमध्ये एचपीएलसी एकदोन नसतात, रांगाच्या रांगा असतात, रात्रभर चालू, ते याच्यामुळे.

दुसरं महत्त्वाचं मशीन मास स्पेक्ट्रोमीटर. ते रेणूंना विद्युतभार देतं आणि त्यांचं वजन मोजतं, आणि एचपीएलसीला जोडलं की त्या जोडीला एलसी-एमएस म्हणतात. मोठे नाजूक रेणू न मोडता त्यांना भार द्यायच्या पद्धती शोधल्याबद्दल जॉन फेन आणि कोइची तानाका यांना २००२ चं केमिस्ट्रीचं नोबेल विभागून मिळालं, आणि तानाका हे शिमाद्झू या मशीन बनवणाऱ्या जपानी कंपनीतले इंजिनिअर होते, हे मला फार महत्त्वाचं वाटतं, कारण या क्षेत्रात मशीन बनवणारा माणूससुद्धा सायन्स पुढे नेतो. किमतीचा अंदाज द्यायचा तर साधी एचपीएलसी वीस-तीस लाखांच्या घरात आणि चांगलं एलसी-एमएस कोटीच्या बरंच पुढे.

मग ही मशिनं घेतं कोण

पहिला गिऱ्हाईक म्हणजे संशोधन संस्था. पुण्यात एनसीएल, म्हणजे राष्ट्रीय रासायनिक प्रयोगशाळा, १९५० पासून पाषाणला आहे, आयसर ही विज्ञान शिक्षण-संशोधन संस्था २००६ ची, विद्यापीठाच्या आवारात पेशींवर संशोधन करणारी एनसीसीएस. यांची खरेदी सरकारी पैशातून होते, मोठी असते पण सावकाश असते. जून २०२५ मध्ये केंद्राने नियम जरा सैल केले, संस्थेच्या संचालकांना जेम या सरकारी खरेदीच्या पोर्टलच्या बाहेर मशीन घ्यायची आणि २०० कोटींपर्यंतच्या ग्लोबल टेंडरला स्वतः मंजुरी द्यायची मुभा दिली, त्याआधी एकेका मशीनच्या फायली दिल्लीला जाऊन येण्यात संशोधन करणाऱ्या मुलांची वर्षं जायची.

पण खरा मोठा गिऱ्हाईक म्हणजे जेनेरिक कंपन्या. जेनेरिक म्हणजे पेटंट संपल्यावर दुसऱ्या कंपनीने बनवलेलं तेच औषध. जगाला लागणाऱ्या जेनेरिक औषधांपैकी संख्येने साधारण पाचवा हिस्सा भारतातून जातो आणि देशाची औषध निर्यात आता वर्षाला ३० अब्ज डॉलरच्या आसपास आहे. इथेच लोकांची गल्लत होते, त्यांना वाटतं नक्कल करायला कसलं आलंय संशोधन. पण जेनेरिक कंपनीला सिद्ध करावं लागतं की आपली गोळी शरीरात मूळ गोळीसारखीच वागते. त्याला बायोइक्विव्हॅलन्स स्टडी म्हणतात. निरोगी माणसांना एकदा मूळ गोळी, काही दिवसांनी आपली गोळी, आणि दरवेळी ठराविक वेळाने रक्त घेऊन त्यात औषध किती उतरलं ते मोजायचं. दोन्हींच्या सरासरीचं गुणोत्तर, त्यातली अनिश्चितता धरूनसुद्धा, ८० ते १२५ टक्के या पट्ट्यात बसलं पाहिजे.

आता हिशोब करा. समजा २४ माणसं, दोन वेळा, दरवेळी १८ सॅम्पल, झाले ८६४ सॅम्पल. साध्या एचपीएलसीवर २० मिनिटांच्या हिशोबाने रात्रंदिवस चालवलं तरी १२ दिवस. एलसी-एमएसवर सॅम्पलला तीन मिनिटं, म्हणजे ४३ तासात काम खलास. शिवाय रक्तात औषध नॅनोग्रॅममध्ये असतं, म्हणजे एका ग्रॅमचा अब्जावा भाग, आणि साध्या मशीनला ते बऱ्याचदा दिसतच नाही. एक स्टडी झाली की दुसरी, गिऱ्हाईक अमेरिकेत वाट बघत बसलेलं, त्यामुळे कोटींचं मशीन घेणं कंपनीला परवडतं, न घेणं परवडत नाही.

एका बीपीच्या गोळीने मार्केट कसं हलवलं

मागणी अचानक कशी उसळते हे बघायचं तर वालसार्टनचं प्रकरण नीट समजून घ्यायला पाहिजे, मला वाटतं गेल्या दहा वर्षांत यापेक्षा चांगलं उदाहरण नाही.

वालसार्टन ही ब्लडप्रेशरची गोळी, जगभर लाखो लोक रोज घेतात. जुलै २०१८ मध्ये कळलं की एका चिनी कंपनीने पुरवलेल्या वालसार्टनच्या कच्च्या मालात एनडीएमए नावाचा पदार्थ आहे, ज्याने कॅन्सरचा धोका संभवतो. तो आला कुठून? कंपनीने काही वर्षं आधी उत्पादनाची पद्धत बदलली होती, नवीन पद्धतीत डीएमएफ नावाचं सॉल्व्हंट, म्हणजे विरघळवायचा द्रव, आणि सोडियम नायट्राइट एकत्र येत होते आणि त्यातून हा पदार्थ थोडाथोडा तयार होत होता. कोणी मुद्दाम मिसळला नव्हता. आणि सगळ्यात अस्वस्थ करणारी गोष्ट म्हणजे नेहमीच्या टेस्टमध्ये या बॅचेस पास होत होत्या! एचपीएलसीच्या साध्या डिटेक्टरला एवढीशी मात्रा दिसत नव्हती, आणि शोधायला कोणी सांगितलंही नव्हतं.

मग मर्यादा ठरली, दिवसाला ९६ नॅनोग्रॅम. वालसार्टनचा मोठ्यात मोठा रोजचा डोस ३२० मिलिग्रॅम, त्यावरून हिशोब केला तर एक किलो पावडरमध्ये हा पदार्थ ०.३ मिलिग्रॅमपेक्षा जास्त चालणार नाही. हे मोजायला एलसी-एमएस किंवा जीसी-एमएसच लागतं. जीसी म्हणजे गॅस क्रोमॅटोग्राफी, तत्त्व तेच, फक्त द्रवाच्या जागी वायू.

प्रकरण तिथेच थांबलं असतं तर वेगळं. पण २०१९ मध्ये ॲसिडिटीच्या रॅनिटिडिनमध्ये तोच पदार्थ सापडला आणि एप्रिल २०२० मध्ये एफडीएने, म्हणजे अमेरिकेच्या औषध नियामक संस्थेने, ती गोळी बाजारातून काढून घ्यायला लावली. मग डायबेटीसच्या मेटफॉर्मिनच्या काही बॅचेस. युरोपने सप्टेंबर २०१९ मध्ये आणि अमेरिकेने वर्षभराने कंपन्यांना सांगितलं की तुमच्या औषधांमध्ये या जातीचे, म्हणजे नायट्रोसामाइन, पदार्थ तयार होऊ शकतात का ते तपासा, लागतील तिथे टेस्ट करा आणि मुदतीत करा. एका कंपनीची शंभर-दोनशे प्रॉडक्ट्स असतील तर विचार करा किती काम आलं ते. ज्या लॅबमध्ये एलसी-एमएस नव्हतं तिने घेतलं, जिच्याकडे एक होतं तिने दुसरं घेतलं, आणि ज्यांना घेणं शक्य नव्हतं त्यांनी बाहेरच्या टेस्टिंग लॅबकडे सॅम्पल पाठवले, म्हणून त्या लॅबनी पण मशिनं घेतली. नवीन औषध एकही निघालं नाही, पुराव्याची रेघ तेवढी वर सरकली.

आता वजन कमी करायच्या इंजेक्शनची पाळी

सध्या चर्चेत असलेलं सेमाग्लुटाइड, डायबेटीससाठी आणि वजन कमी करायला वापरतात ते, त्याच्या भारतातल्या पेटंटची मुदत मार्च २०२६ ची, आणि आपल्या कंपन्यांची तयारी त्याच्या कितीतरी आधीपासून चालू होती. हे पॅरासिटामॉलसारखं सोपं प्रकरण नाही. पॅरासिटामॉलच्या रेणूचं वजन १५१, सेमाग्लुटाइडचं ४,११४ च्या आसपास. हे पेप्टाइड आहे, म्हणजे अमिनो ॲसिडची साखळी, ३१ कड्यांची. मूळ कंपनी साखळीचा मुख्य भाग यीस्टमध्ये वाढवून काढते, बऱ्याच जेनेरिक कंपन्या एकेक कडी केमिकल पद्धतीने जोडत जातात. जोडताना एखादी कडी सुटली, दोनदा लागली किंवा उलट्या हाताची, म्हणजे आरशातल्या प्रतिबिंबासारखी, लागली तर तयार होणारा पदार्थ दिसायला जवळजवळ तसाच, वजनातला फरक थोडाच, उलट्या हाताची कडी असेल तर वजनात फरकच नाही. तो वेगळा काढायचा, ओळखायचा आणि किती आहे ते सांगायचं, यासाठी फार बारीक फरक ओळखणारी एलसी-एमएस आणि वेगळ्या जातीचे कॉलम लागतात. जुनी मशिनं असलेल्या कंपनीला या धंद्यात उतरायचं तर आधी लॅब नव्याने उभी करावी लागते.

मशीन चालू असताना बदलतात का?

हो, आणि हे बाहेरच्या माणसाला पटत नाही. दहा वर्षांचं मशीन, पंप ठीक, डिटेक्टर ठीक, तरी बाजूला काढून ठेवतात. कारण मशीनइतकंच महत्त्व आता त्याच्या सॉफ्टवेअरला आलंय. कोणी कधी लॉगिन केलं, कुठला रन चालवला, कुठला आकडा बदलला आणि का, याची न पुसता येणारी नोंद लागते, तिला ऑडिट ट्रेल म्हणतात. अमेरिकेचा यासंबंधीचा नियम १९९७ चा आहे, पण गेल्या पंधराएक वर्षांत एफडीएचे इन्स्पेक्टर भारतात येऊन तेच सगळ्यात आधी बघायला लागले, कारण काही कंपन्यांमध्ये नको असलेले रन डिलीट केलेले सापडले होते. जुन्या सॉफ्टवेअरला अशी नोंद ठेवता येत नाही. त्यात विंडोज ७ चा सपोर्ट जानेवारी २०२० मध्ये बंद झाला आणि विंडोज १० चा ऑक्टोबर २०२५ मध्ये. कॉम्प्युटर नवीन घ्यावा तर जुनं सॉफ्टवेअर त्यावर चालत नाही, नवीन सॉफ्टवेअर घ्यावं तर ते जुन्या मशीनला ओळखत नाही. बदलीच्या ऑर्डरी यातून निघतात.

आणि एकदा घेतलं की खर्च संपला असंही नाही. नवीन मशीन आल्यावर ते नीट बसलंय का, ठरल्याप्रमाणे चालतंय का, आपल्या कामात टिकतंय का, या तीन पायऱ्यांची तपासणी कागदावर पूर्ण झाल्याशिवाय त्यावर एक सॅम्पल चालवता येत नाही. मग दरवर्षीचं मेंटेनन्स कॉन्ट्रॅक्ट, दिवे, सील, आणि कॉलम, जो काही शे इंजेक्शनांनी बसतो, म्हणजे प्रेशर वाढतं, पीक पसरट यायला लागतं आणि टाकून द्यावा लागतो. म्हणूनच वॉटर्ससारख्या ही मशिनं बनवणाऱ्या मोठ्या कंपनीची निम्म्याहून जास्त कमाई सर्व्हिस आणि कॉलमसारख्या वापरून संपणाऱ्या वस्तूंमधून येते. मार्केट रिपोर्टमधले आकडे एकमेकांशी जुळत नाहीत ते पण बरेचदा याच्यामुळे, कोणी नुसती मशिनं धरतं, कोणी केमिकल, कॉलम, सर्व्हिस सगळं धरतं, कोणी हॉस्पिटलच्या लॅब पण त्यात घालतं, आकडा दुप्पट-तिप्पट होणारच. रिपोर्ट वाचताना आधी व्याख्या वाचा, मग आकडा.

या वस्तूंचं नातं कुठल्या कुठे असतं ते सांगतो. एचपीएलसीला ॲसिटोनायट्राइल नावाचं सॉल्व्हंट लागतं, ते कोणी मुद्दाम फारसं बनवत नाही, ॲक्रिलोनायट्राइल बनवताना बाजूला निघतं, आणि ॲक्रिलोनायट्राइल जातं गाड्यांमधल्या प्लॅस्टिकमध्ये आणि ॲक्रिलिक धाग्यात. २००८ मध्ये मंदी आली, गाड्यांची मागणी पडली, ते कारखाने मंदावले, त्यात बीजिंग ऑलिंपिकसाठी चीनने काही प्लांट बंद ठेवले, आणि जगभरच्या औषध लॅबना ॲसिटोनायट्राइल मिळेना, मिळालं तर कैक पट भावाने. गाड्या खपेनाशा झाल्या म्हणून औषधांच्या टेस्ट अडकल्या. तेव्हापासून कमी सॉल्व्हंट लागणाऱ्या मशिनांकडे लोक गंभीरपणे बघायला लागले.

मार्केट नेहमी वाढतंच का?

नाही. २०२१-२२ मध्ये कोविडमुळे सगळ्यांनी मशिनं आणि माल भरमसाट घेऊन ठेवला. मग मार्च २०२२ पासून अमेरिकेत व्याजदर शून्याजवळून दीड वर्षाच्या आत पाच टक्क्यांच्या वर गेले, छोट्या बायोटेक कंपन्यांना मिळणारा पैसा आटला, चीनची खरेदी पडली, आणि गोदामात साठलेला माल आधी वापरू म्हणून सगळ्यांनीच हात आखडता घेतला. वॉटर्सची २०२३ ची विक्री आदल्या वर्षापेक्षा किंचित कमी झाली, त्याच धंद्यातल्या ॲजिलेंटची २०२४ ची जवळपास पाच टक्क्यांनी घटली. त्या काळात भारतातली मागणी टिकली, कारण आपली खरेदी नवीन शोधांच्या पैशावर कमी आणि जेनेरिकच्या क्वालिटी कंट्रोलवर जास्त अवलंबून आहे, आणि रोजच्या गोळ्यांचं टेस्टिंग मंदीत थांबत नाही.

आपण ही मशिनं इथे का बनवत नाही

काही बनवतो. गोळी विरघळायला किती वेळ लागतो ते बघायची डिसोल्यूशन मशिनं, सेंट्रिफ्यूज, स्टरर, ओव्हन, हे मुंबई-ठाणे पट्ट्यात चांगल्यापैकी बनतं आणि परदेशात जातं सुद्धा. अडतं ते एलसी-एमएससारख्या ठिकाणी. आत हवा जवळजवळ नसलेली पोकळी लागते, मिनिटाला हजारो फेरे घेणारे पंप, आणि मायक्रॉनच्या अचूकतेने घडवलेल्या धातूच्या दांड्या. अशक्य नाहीये, बीएआरसीने, म्हणजे भाभा अणुसंशोधन केंद्राने, स्वतःच्या गरजेसाठी मास स्पेक्ट्रोमीटर बनवलेत. पण जेनेरिक कंपनीला खरी अडचण वेगळीच असते. तिने औषधाच्या फाइलमध्ये टेस्टची जी पद्धत एफडीएला दिलेली असते ती ठराविक मशीनवर सिद्ध केलेली असते, दुसरं मशीन आणलं तर पुन्हा सिद्ध करा, इन्स्पेक्टरला समजावा, आणि या सगळ्यात उशीर झाला तर लाँच हुकला. म्हणून नवीन कंपनीचं मशीन निम्म्या किमतीत मिळालं तरी क्वालिटी हेड सही करायला कचरतो, आणि त्याच्या जागी मी असतो तर मीही कचरलो असतो. माझ्या मते देशी मशिनांची सुरुवात कॉलेज आणि सरकारी टेस्टिंग लॅबपासून झाली पाहिजे, जिथे हे ओझं कमी आहे, आणि दहा वर्षं तिथे टिकलेलं मशीन मग कंपनीसुद्धा घेईल.

एआय आलं की लॅब लागणार नाही?

उलट होतंय. प्रोटीनचा आकार कॉम्प्युटरवर ओळखणाऱ्या अल्फाफोल्डच्या कामाला २०२४ च्या केमिस्ट्रीच्या नोबेलचा निम्मा वाटा मिळाला, आणि आता एआय कुठला रेणू चालेल याच्या याद्या भराभर काढून देतं. पण यादीतला रेणू बनवून, शुद्ध करून, पेशींवर टाकून बघावाच लागतो, आणि यादी लांबली की टेस्ट वाढतात. शिवाय एआय शिकवायला पण लॅबचाच डेटा लागतो.

एवढी मशिनं आहेत तर सिरपमध्ये विष कसं सापडतं

हा आक्षेप सगळ्यात खरा आहे आणि तो टाळून पुढे जाता येणार नाही. सप्टेंबर-ऑक्टोबर २०२५ मध्ये मध्य प्रदेशात छिंदवाड्याला खोकल्याच्या सिरपने वीसपेक्षा जास्त लेकरं गेली. तामिळनाडूत बनलेल्या त्या कोल्ड्रिफ सिरपमध्ये डायइथिलीन ग्लायकॉल हे विषारी केमिकल निघालं ४८.६ टक्के, चालतं ते ०.१ टक्क्याच्या आत. २०२२ मध्ये गांबियात सत्तरच्या आसपास मुलं अशीच गेली. आणि आपल्या महाराष्ट्राला हे नवीन नाही, १९८६ मध्ये मुंबईच्या जे.जे. हॉस्पिटलमध्ये याच पदार्थाची भेसळ असलेल्या ग्लिसरीनने १४ पेशंट दगावले होते, त्यावर न्यायमूर्ती लेंटिन यांचा आयोग बसला होता.

यातली चीड आणणारी गोष्ट ही की हे पकडायला कोटीचं मशीन लागत नाही. जीसीवर तासाभरात दिसतं, आणि जीसी नसेल तर काचेच्या पट्टीवरच्या टीएलसी या अगदी स्वस्त टेस्टमध्येसुद्धा ४८ टक्के लपूच शकत नाही. वालसार्टनमध्ये मशीनची नजर अपुरी होती. इथे कोणी बघितलंच नाही. निर्यातीचं कफ सिरप सरकारी लॅबमध्ये टेस्ट करूनच पाठवायचं असा नियम जून २०२३ पासून आला, पण छिंदवाड्याची मुलं देशातलंच सिरप प्यायली होती.

म्हणून डिसेंबर २०२३ मध्ये सुधारलेला शेड्यूल एम, म्हणजे औषध कारखाना कसा चालवायचा याचे नियम, मला मशिनांच्या कुठल्याही मार्केट रिपोर्टपेक्षा महत्त्वाचा वाटतो. २५० कोटींपेक्षा जास्त उलाढालीच्या कंपन्यांना तो आधी लागू झाला, छोट्यांची मुदत वाढत वाढत ३१ डिसेंबर २०२५ पर्यंत आली. आता छोटा कारखानदार म्हणतो आम्हाला परवडत नाही, आणि त्याचं सगळंच चूक नाही, एचपीएलसी, जीसी आणि ती चालवणारा माणूस यात त्याचा वर्षाचा नफा जातो. पण कच्च्या मालाचा प्रत्येक ड्रम न तपासता सिरप बनवणं ज्याला परवडतं त्याला ते करू देणं आपल्याला परवडत नाही. मधला मार्ग मशीन वाटून घेण्याचा आहे. सरकारी संस्थांमधली मशिनं भाड्याने वापरायला मिळावीत म्हणून आय-स्टेम नावाचं पोर्टल २०२० पासून आहे, पुण्यात एनसीएलच्या आवारातल्या व्हेंचर सेंटरमध्ये स्टार्टअपना अशा सोयी पैसे भरून वापरता येतात. एमआयडीसीतल्या दहा छोट्या कारखान्यांनी मिळून एक टेस्टिंग लॅब काढली तर तो खर्च दहा जणांत वाटला जाईल.

पुण्यातल्या पोरांना यात काय आहे

फार्मसी किंवा केमिस्ट्री केलेल्या मुलांना वाटतं एकतर कंपनीत क्यूसी, म्हणजे क्वालिटी कंट्रोल, नाहीतर एमआर, म्हणजे डॉक्टरांकडे फिरून औषधांचा प्रचार. या मार्केटमध्ये त्याशिवायची कामं आहेत. सर्व्हिस इंजिनिअर, ज्याला इलेक्ट्रॉनिक्स आणि केमिस्ट्री दोन्ही थोडं थोडं यावं लागतं आणि ज्याला रात्री अकराला कुरकुंभहून फोन येतो की प्रेशर चढतंय. ॲप्लिकेशन सायंटिस्ट, जो गिऱ्हाईकाच्या औषधासाठी पद्धत बसवून देतो. मेथड डेव्हलपमेंट आणि व्हॅलिडेशनची, म्हणजे टेस्टची पद्धत तयार करून ती सिद्ध करणारी माणसं, जी नायट्रोसामाइन आणि पेप्टाइड या दोन विषयांत सध्या शोधूनही मिळत नाहीत. इंटरव्ह्यूला आलेल्या मुलांना डिग्री असते, पण बेसलाइन, म्हणजे पीक नसताना स्क्रीनवर दिसणारी सरळ रेघ, हलतेय तर आधी काय बघशील असं विचारलं की गप्प होतात. बाटलीत हवेचे बुडबुडे आहेत का, मोबाइल फेज ताजी आहे का, दिवा किती तास चाललाय, कॉलमचं तापमान स्थिर आहे का, हे त्या क्रमाने सांगता आलं पाहिजे. कॉलेजमध्ये मशीन असेल तर ते कपाटातल्या ट्रॉफीसारखं जपू देऊ नका, सरांच्या मागे लागा आणि स्वतः चालवा, आणि नसेल तर उन्हाळ्याच्या सुट्टीत एखाद्या टेस्टिंग लॅबमध्ये दोन महिने फुकट काम करायची वेळ आली तरी करा, फक्त जाण्याआधी विचारून घ्या की मशीनला हात लावू देणार का नुसत्या बाटल्या धुवायला लावणार.